सेंद्रिय द्राक्षमळ्यावर पहिल्यांदा वाईन चाखायला जाताना

लहान मळ्यावर वाईन चाखायला गेलेली मंडळी गाडीतून उतरली की थेट टेबल गाठतात. सहा घोट, चार फोटो, दोन बाटल्या आणि परत. मोठ्या वाईनरीत हे चालून जातं, कारण तिथली मांडणीच त्यासाठी केलेली असते. पण जिथे वेली छाटणारा, द्राक्षं चिरडणारा आणि तुमच्या ग्लासात ओतणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, तिथून नुसतं चाखून परतणं म्हणजे मैफलीला जाऊन फक्त चहापाणी उरकून येण्यासारखं आहे. माझं साधं गणित असं, की हाताशी दोन तास असतील तर त्यातला एक वेलींमध्ये घालवायचा. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी फोन

अशा ठिकाणी स्वागतकक्ष नसतो. तुम्ही न कळवता पोचलात तर मालक ट्रॅक्टरवर असेल, नाहीतर कोपरापर्यंत टाकीत हात घालून बसलेला असेल. म्हणून आधी फोन करा आणि चार गोष्टी विचारून घ्या: किती माणसं चालतील, किती वेळ मिळेल, मळ्यात फिरवणार का, आणि टेस्टिंगचे पैसे किती. काही ठिकाणी बाटली घेतली की ते पैसे वळते करतात, काही ठिकाणी नाही. हे आधीच कळलेलं बरं. सहाच्या वर माणसं नेऊ नका. दहा जण झाले की गप्पांचं व्याख्यान होतं.

कधी जायचं, हा प्रश्न लोक फारसा विचारत नाहीत, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत तोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असते, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आणि उष्ण कटिबंधात तिचं वेळापत्रक निराळंच. तोडणीत मळा पाहायला सुंदर असतो, पण मालकाला मान वर करायला फुरसत नसते. मी एकदा नेमका त्याच आठवड्यात फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "या की, पण कात्री घेऊन या." गेलो. दोन तास घड तोडले, आणि मग पालथ्या क्रेटवर बसून दहा मिनिटांत चार वाईनी चाखल्या. मजा आली, पण विचारायचं ते सगळं राहून गेलं.

पहिल्याच भेटीसाठी मी दोन वेळा सुचवेन. एक म्हणजे मण्यांत पाणी उतरायला लागतं तेव्हा, तोडणीच्या महिना-दीड महिना आधी. एकाच घडात हिरवे कडक मणी आणि जांभळे मऊ मणी शेजारी शेजारी दिसतात. दुसरी वेळ, थंड प्रदेशांत, ऐन थंडीतली. वेली उघड्यावाघड्या असतात, फोटो चांगले येत नाहीत, पण मालकाकडे वेळ असतो आणि टाक्यांत नवी वाईन असते.

निघताना

अत्तर, परफ्यूम, वासाचं हँडक्रीम यातलं काही नको. तुमचं नाक तर बिघडतंच, शेजारच्याचंही बिघडतं. पुदिन्याची टूथपेस्ट, च्युइंगगम, कडक कॉफी हे तासभर आधी बंद. पोटभर जेवून निघा. उपाशीपोटी चौथ्या घोटाला सगळ्याच वाईनी छान वाटायला लागतात.

पायात बंद बूट हवेत. मळ्यात ढेकळं असतात आणि तळघरात फरशी कायम ओली. एका दिवसात दोन मळे करणार असाल तर मधे बुटांची माती झटकून, शक्य असल्यास तळवे धुऊन घ्या. हा सोवळेपणा वाटेल, पण फिलॉक्सेरा नावाची मुळांवर जगणारी बारीक कीड मातीतून पसरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने युरोपातल्या बहुतेक द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या होत्या. उपाय म्हणून अमेरिकी जातींच्या खुंटावर युरोपीय द्राक्षांची कलमं बांधायला सुरुवात झाली, आणि आज जगातल्या बहुसंख्य वेली तशाच कलमी आहेत. वेलीच्या बुंध्याशी जमिनीलगत फुगीर गाठ दिसली तर ती कलमाची जागा.

आणि गाडी कोण चालवणार, हे घरून निघतानाच ठरवा. त्याचा हिशेब पुढे येतोच.

वेलींमध्ये

ओळीत शिरल्यावर आधी खाली पाहा. दोन ओळींमधली जमीन उघडी, नांगरलेली आणि भाजलेली आहे की तिच्यावर गवत, क्लोव्हर, शेंगवर्गीय झाडोरा आहे? सेंद्रिय मळ्यात तणनाशक मारता येत नाही, त्यामुळे तण एकतर हाताने किंवा यंत्राने काढावं लागतं, नाहीतर त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. बरेच बागायतदार मुद्दाम पेरणी करतात. शेंगवर्गीय झाडं हवेतला नत्र जमिनीत आणतात, फुलांवर मित्रकीटक येतात, आणि मुळांनी धरलेली माती पावसात वाहून जात नाही. पण हाच झाडोरा वेलीच्या वाटणीचं पाणीही पितो. म्हणून काही जण एक ओळ आड पेरतात. कुठल्या ओळीत काय पेरलंय आणि का, एवढं विचारा. माणूस खुलतो.

मग पानाची खालची बाजू. वेलीचे दोन जुने शत्रू म्हणजे भुरी आणि डाऊनी, म्हणजे केवडा. भुरीत पानावर, मण्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका थर येतो. डाऊनीत वरून तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी लव दिसते. सेंद्रिय बागायतदाराच्या हातात यावर मुख्यतः दोनच जुनी हत्यारं: भुरीसाठी गंधक, डाऊनीसाठी तांबं. पानांवर निळसर हिरवे शिंतोडे सुकलेले दिसले तर ते बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. त्याची गोष्ट मजेशीर आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्यालगतच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडायची पद्धत होती, येणाजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. डाऊनीने बाकीच्या वेलींची पानं गळाली आणि रस्त्याकडेच्या मात्र हिरव्या राहिल्या, हे पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत भरलं. १८८५ साली त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. चोर हाकलायचं औषध जगभरच्या बागांत पोचलं ते असं.

इथेच सेंद्रिय शेतीची दुखरी नस आहे. तांबं हे मूलद्रव्य, ते कुजून नाहीसं होत नाही. वर्षानुवर्षं साठत जातं आणि प्रमाणाबाहेर गेलं की गांडुळांना, मातीतल्या जीवजंतूंना बाधतं. म्हणून युरोपीय संघाने त्यावर मर्यादा घातली आहे: सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. "यंदा तांब्याचे किती हात मारावे लागले?" हा माझा ठरलेला प्रश्न. जो आकडा सांगतो, ओल्या वर्षातला त्रासही सांगतो, त्याच्या वाईनकडे मी जास्त लक्ष देतो. "आम्ही काहीच फवारत नाही" असं सरसकट उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा: रोगाला दाद न देणाऱ्या संकरित जाती लावल्यात का? तसं असेल तर उत्तर खरं असू शकतं.

ओळींच्या टोकाला गुलाब दिसतील. भुरी आधी गुलाबावर येते आणि इशारा मिळतो, असं हौसेने सांगितलं जातं. गुलाबावरची भुरी आणि द्राक्षावरची भुरी या दोन वेगळ्या बुरश्या आहेत, त्यामुळे हा इशारा फार तर हवामानाचा. पण गुलाब छान दिसतात, आणि सांगणाऱ्याला मधेच तोडू नये.

मणी पिकत आले असतील तर परवानगी घेऊन एक तोडा. वाईनची द्राक्षं खायच्या द्राक्षांपेक्षा बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. आधी गर चोखा. मग साल वेगळी चावा आणि ती जिभेला कुठे ओढते ते पाहा. शेवटी बी दाताखाली फोडा. हिरवी, चिवट आणि कडवट असेल तर फळ अजून कच्चं. तपकिरी आणि भाजल्यासारखी कुरकुरीत असेल तर तोडणी जवळ आली. मालकाच्या खिशात ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचं छोटं यंत्र असतं. रसाचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरला की साखर वाचता येते. २४ ब्रिक्स म्हणजे साधारण साडेतेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची वाईन. यंत्र मागून बघा, बहुतेक जण कौतुकाने देतात. पुढे टेबलावर जो आंबट, गोड, तुरटपणा भेटणार आहे त्याची मूळ प्रत या एका मण्यात असते, आणि ती चाखलेली असली की ग्लास सोपा जातो.

"सेंद्रिय" या शब्दात काय काय येतं

हे जरा किचकट आहे, पण लेबल वाचायचं तर लागतं. सेंद्रिय द्राक्षं ही एक गोष्ट, सेंद्रिय वाईन ही दुसरी. पहिल्यात शेतीचे नियम येतात. रासायनिक पद्धतीतून सेंद्रियात यायला वेलींना साधारण तीन वर्षं लागतात आणि त्या काळात पीक कमी आणि शिक्काही नाही, अशी दोन्हीकडून ओढाताण असते. दुसऱ्यात तळघरातले नियमही येतात. युरोपीय संघात २०१२ च्या हंगामापर्यंत लेबलवर फक्त "सेंद्रिय द्राक्षांपासून" एवढंच लिहिता येत असे. त्यानंतर सेंद्रिय वाईनची स्वतःची नियमावली आली. तिच्यानुसार कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, लाल वाईनमध्ये सल्फाइट (वाईन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग) लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पांढऱ्या आणि गुलाबी कोरड्या वाईनमध्ये १५०. साध्या वाईनची मर्यादा अनुक्रमे १५० आणि २००. अमेरिकेत "सेंद्रिय वाईन" लिहायचं तर वरून सल्फाइट घालायलाच बंदी. म्हणजे शब्द एकच, अर्थ देशागणिक निराळा.

सल्फाइटने डोकं दुखतं ही समजूत भक्कम पुराव्यावर उभी नाही. गंधकाची धुरी दिलेल्या जर्दाळूंत ते वाईनपेक्षा कितीतरी जास्त असतं. दम्याच्या काही रुग्णांना मात्र ते खरोखर त्रास देतं, त्यांनी आधी विचारावं. आणि "शून्य सल्फाइट" हा दावा शब्दशः घेऊ नका. आंबताना यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं.

बायोडायनॅमिक हा याच्या पुढचा फाटा. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून तो निघाला. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरणं, चंद्राच्या कलांनुसार कामं करणं असं बरंच त्यात आहे. शिंगाबद्दल माझी मतं मी स्वतःपाशी ठेवतो. पण असे मळे पाळणारी माणसं रोज वेलींमधून फिरतात, आणि रोज फिरण्याचा फायदा वेलीला होतोच होतो.

शिक्का नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदपत्रं छोट्या मळ्याला जड जातात. पण शिक्का नसताना भिंतीवर मोठ्या अक्षरात "सेंद्रिय" लिहिलं असेल, तर वरचा तांब्याचा प्रश्न जरूर विचारा.

तळघरात

आंबवण चालू असेल तर उघड्या टाकीवर वाकून वास घ्यायचा मोह होतो. नका वाकू. आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि बंद जागेत खाली साठतो. माणसं यात दगावलेली आहेत. लहान मूल बरोबर असेल तर त्याचा हात सोडू नका.

पाहण्यासारखं काय, तर लाल वाईनची टाकी. रंग गरात नसतो, सालीत असतो. म्हणून लाल वाईन सालींसकट आंबवतात आणि पांढरी रस काढून. सालींचा जाड थर गॅसमुळे वर येतो. दिवसातून दोन-तीनदा तो दांड्याने खाली दाबावा लागतो, नाहीतर सुकतो आणि बिघडतो. एका मळ्यावर मला तो दांडा हातात दिला. वरून थर चटईसारखा घट्ट. दोन्ही हातांनी रेटल्यावर एकदम भस्सकन खाली गेला, आणि भोवती गुलाबी फेस फुटून ऊब चेहऱ्यावर आली. ती ऊब यीस्टची. गरम व्हायची ती टाकी स्वतःच होते, त्यामुळे तिला थंड ठेवणं हेच काम.

यीस्ट बाहेरून घालता की मळ्यातलंच, हे विचारा. लहान सेंद्रिय मळ्यांत पुष्कळ जण द्राक्षांबरोबर आणि तळघरात आपसूक असणाऱ्या यीस्टवर विसंबतात. त्यात चवीला खोली येऊ शकते, आणि टाकी मधेच अडूनही बसू शकते. ओकचं पिंप दिसलं तर ते बहुधा २२५ लिटरचं असतं. त्यात साधारण ३०० बाटल्या होतात. मालकाने काचेच्या नळीने पिंपातून थोडी काढून दिली तर नाही म्हणू नका. अर्धवट वाईन चाखायला क्वचित मिळते. ती आंबट, गढूळ, दात शिवशिवणारी असेल. तशीच असायला हवी.

आता टेबल

क्रम हलक्याकडून भारीकडे, पांढरी आधी आणि लाल नंतर, कोरडी आधी आणि गोड शेवटी. मालक लावेल तोच क्रम घ्या.

ग्लास दांडीला धरा. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग पाहा, पण त्यात फार वेळ घालवू नका. काचेवरून ओघळणाऱ्या धारांवरून लोक मोठमोठे निष्कर्ष काढतात. त्या मुख्यतः अल्कोहोलमुळे बनतात, दर्जाशी त्यांचं नातं नाही. रंग तर फसवतोही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाईनला बिनवासाचा लाल रंग लावून ५४ जणांना दिली. ते वाईनशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी तिच्या वर्णनात लाल वाईनचे शब्द वापरले. तेव्हा आपण चुकलो तर बिघडत नाही.

न हलवता एकदा हुंगा. मग ग्लास टेबलावरच ठेवून दोन-तीन वेळा गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. दोन्ही वेळचा वास वेगळा येईल. काय आठवतं ते मोठ्याने बोला: लिंबाची साल, पेरू, ओला दगड, मिरपूड, जुनं कपाट. पुस्तकी शब्द नको. वास ओळखीचा वाटतो पण नाव सुचत नाही, हे सगळ्यांचंच होतं. म्हणूनच कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वासांचं एक चक्र तयार केलं. आधी फळ की फूल की माती एवढं ठरवायचं, मग आत शिरायचं. मनातल्या मनात तेवढंच करा.

घोट छोटा घ्या, पण नुसता ओठ ओला करण्याइतका नको. तोंडभर फिरवा. जिभेच्या कडांनी लाळ सुटली की आंबटपणा आहे. हिरड्या आणि गाल कोरा चहा जास्त उकळल्यासारखे सुकले की ते टॅनिन, तेच जे मघाशी सालीत आणि बीत भेटलं होतं. घशात ऊब वाटली की अल्कोहोल. मग थुंका, आणि थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजा. तीन आकड्यांत संपली की बारापर्यंत गेली, यावर मला वाईनबद्दल बाकी सगळ्यापेक्षा जास्त कळतं.

हो, थुंकायचं. टेबलावर त्यासाठीच भांडं असतं आणि त्यात कोणाचा अपमान नाही. हिशेब करा: ४० मिलिलिटरचे सहा ग्लास म्हणजे २४० मिलिलिटर, बाटलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. १३ टक्क्यांच्या वाईनमध्ये एवढ्यात सुमारे २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ते उतरायला बहुतेकांना तीन तास लागतात. चालकाने थुंकूनही चालवू नये, कारण थोडं पोटात जातंच. त्याला मळ्यात मनसोक्त फिरू द्या आणि बाटली घरी फोडा. गरोदर बाई, औषधं चालू असलेला माणूस किंवा मुळात न पिणारा पाहुणा यांनी नुसता वास घेतला तरी टेबलावर त्यांची जागा आहे. थुंकणं नीट जमायला दोन-तीन भेटी लागतात. तोवर गडद रंगाचा शर्ट.

कमी सल्फाइटच्या वाईनमध्ये विचित्र वास भेटतात. विझलेल्या काडीचा वास हवा लागली की बहुधा जातो. ग्लास जोरात फिरवा. तबेल्याचा वास एका विशिष्ट यीस्टचा, काहींना थोडा आवडतो. नखरंगासारखा झोंबरा वास म्हणजे वाईन व्हिनेगरच्या वाटेला लागली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बुरसट वास मात्र बुचाचा दोष, त्यात मळ्याचं काही चुकलेलं नाही. सांगितलं की दुसरी बाटली उघडतात. बाकीच्यांबद्दल "हा वास तुम्ही मुद्दाम ठेवलाय का?" एवढंच विचारा. प्रश्न प्रामाणिक आहे आणि कोणाला लागत नाही. गढूळपणा किंवा जिभेवरची हलकी चुणचुण हा दोषच असतो असं नाही.

शेवटचा ग्लास झाल्यावर मी एक विचारतो: "तुमचं सगळ्यात वाईट वर्ष कुठलं?" गारपीट, पावसात सापडलेली फुलोऱ्याची वेळ, डाऊनीने नेलेलं अर्धं पीक, असं काय काय बाहेर येतं. दोनदा तर मालक उठून आत गेला आणि त्या वर्षाची बाटली घेऊन आला.

घेताना आणि घरी

आवडली ती घ्या, टेबलावरची सगळ्यात महाग नव्हे. एकाच वाईनच्या दोन घ्या: एक महिन्यात उघडायला, दुसरी वर्षाने. लेबलवरचा लॉट, साल आणि तुम्ही टिपलेले दोन शब्द यांचा फोटो काढून ठेवा.

बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. वाईन तापून फुगते, बूच वर सरकतं आणि कमी सल्फाइटची वाईन तर सगळ्यात आधी दगा देते. सीटखाली, सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. घरी अंधारी, थंड, हालचाल नसलेली जागा. लाकडी बूच असेल तर आडवी. प्रवासानंतर आठवडाभर उघडू नका. उघडल्यावर उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये, लालसुद्धा. पांढरी तीन दिवस, लाल चार. काही सेंद्रिय वाईनी दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगल्या लागतात, म्हणून पहिल्या संध्याकाळी थोडी मुद्दाम मागे ठेवा.